मागून येणारा आवाज

खटपट्याला चालणारी वस्तू बघवत नसे. बंद पडलेली वस्तू हाती लागली की त्याला आनंद व्हायचा, ते एक वेळ समजू शकतं. पण एखादी वस्तू कुरकुरत, लंगडत का होईना आपलं काम करते आहे आणि तिच्यावर याची नजर पडली, की घरातले ती उचलून लपवायला धावायचे. कुकरची शिट्टी, दाराची कडी, शेजाऱ्यांची इस्त्री, काही म्हणून त्याने सोडलं नव्हतं. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही, आणि आई म्हणायची, बरंच झालं, बायकोलाही उघडून बघितलं असतं याने.

वडील होते तेव्हा त्यांच्या उशाशी एक जुना रेडिओ असायचा. स्टेशन बंद झालं तरी त्यातून बारीक घूं असा आवाज येत राही, आणि त्या आवाजावरच वडिलांना झोप लागे. खटपट्याने एका रविवारी रेडिओ खोलला, आतला एक सुटा भाग बदलला, घूं बंद. वडिलांनी शाबासकी दिली. पुढे मात्र ते टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडू लागले, आणि का ते कुणालाच सांगता येईना. आईने ओळखलं होतं. तिने खटपट्याला सांगितलंही, पण हा म्हणाला, रेडिओ आता उत्तम आहे, झोपेचं डॉक्टरांना विचारा. असा हा माणूस. मनाने वाईट अजिबात नाही, उलट दुसऱ्यासाठी जीव टाकणारा. पण अशाच माणसांची जास्त भीती वाटते, कारण त्यांना थांबवायचं तरी कोणत्या तोंडाने?

पोटापाण्याचं म्हणाल तर आयुष्यभर आवाजाच्याच धंद्यात. आधी लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानात, मग एका ऑर्केस्ट्रात की-बोर्डवर, आणि ऑर्केस्ट्रा मोडल्यावर घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना फोमच्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली, मधोमध माइक, एक स्टूल आणि कोपऱ्यात टेबलावर संगणक. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' असं जे ऐकू येतं, तसली कामं. दुकानांच्या जाहिराती, शाळांची समूहगीतं. खोलीचं दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही आत येत नसे. आईला त्या खोलीत घुसमटायचं. ती उंबऱ्यावरूनच बोलायची.

आणि धाकटी. खटपट्याची बहीण, त्याच्याहून बरीच लहान. ती अडखळत बोलायची, हे झालं चारचौघांत सांगायचं. खरं सांगायचं तर ती बोलायचीच नाही. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथे असा अडकायचा की मान ताणली जायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस एकतर दुसरीकडे बघायचा नाहीतर तिचा शब्द स्वतःच पुरा करून टाकायचा. दुकानात ती बोटाने दाखवायची. फोन वाजला की उठून आत जायची. सगळ्यात वाईट गत व्हायची ती स्वतःचं नाव सांगताना. त्यातलं पहिलंच अक्षर 'प', ओठ मिटायचे ते मिटायचेच. दुसरा शब्द अडला तर ती त्याच्याऐवजी तिसरा घालायची, पण नावाच्या जागी काय घालणार? एका शिवणकामाच्या कारखान्यात ती बाह्या जोडायची, आणि तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिला ती नोकरी आवडायची.

तिचे शब्द पुरे करण्यात खटपट्याचा पहिला नंबर. लहानपणापासून. तिने 'पा' म्हणायच्या आत हा 'पाणी' म्हणून मोकळा आणि पेला भरून तिच्या हातात. त्याला वाटायचं आपण मदत करतो. तिला पाणी नको असायचं, पाऊस येतोय असं सांगायचं असायचं, तरी ती पेला घ्यायची आणि निमूट प्यायची.

तर एके दिवशी संगणकाने दगा दिला. यंत्र जुनं, त्यावरचं विंडोज त्याहून जुनं, आणि नवं विंडोज त्या यंत्राला पेलेना. एका ओळखीच्या दुकानदाराने सल्ला दिला की विंडोज काढून लिनक्स टाक, हलकं आहे, तुझ्या म्हाताऱ्या यंत्रातही पळेल. टाकलं. पळालं. पण घोडं दुसरीकडेच अडलं. खटपट्याची सगळी कामं एका संगीताच्या प्रोग्राममध्ये होती, आणि तो प्रोग्राम विंडोजशिवाय दुसऱ्या कुणाची भाषा जाणत नव्हता. मग वाइन नावाचा एक दुभाषा मध्ये बसवावा लागला. तो प्रोग्रामला सांगतो की बाबा रे, हे विंडोजच आहे, आणि लिनक्सला सांगतो की त्याचं म्हणणं असं असं आहे. प्रोग्राम उघडला, जुनी गाणी दिसली, खटपट्याच्या जिवात जीव आला. मग त्याने आवाज चालू केला आणि स्पीकरमधून फुटाणे भाजल्यासारखी तडतड सुरू झाली.

अशा वेळी लोक एक सोपा उपाय करतात, तोच त्यानेही केला. बफर वाढवला. बफर म्हणजे नळाखालची बादली. नळ मध्येच खोकला तरी बादलीतलं पाणी पुरतं, धार तुटत नाही. पण बादली मोठी असली तर ती भरेपर्यंत थांबावंही लागतं. तसंच झालं. तडतड गेली, आणि तिच्या जागी उशीर आला. की-बोर्डची पट्टी आता दाबली तर सूर जरा मागाहून. माइकमध्ये कुणी बोललं तर हेडफोनमध्ये त्याचाच आवाज त्याच्या मागून चालत येणार. फार नाही, पावलाभराच्या अंतराने. पण आयुष्यभर बोटाबरोबर सूर ऐकलेल्या माणसाला तेवढंही खपेना. तो डोकं धरून बसला, आणि चाचणीपुरतं कुणीतरी माइकसमोर हवं म्हणून त्याने धाकटीला हाक मारली. स्टुलावर बस, हेडफोन घाल, काहीतरी म्हण, काहीही चालेल, त्या खोक्यावरचं वाच.

धाकटी बसली. तिला नको होतं, पण दादाला नाही म्हणायलाही शब्दच लागतात. तिने माइक संगणकाला जोडणाऱ्या साउंड कार्डाच्या खोक्यावरच्या सूचना वाचायला सुरुवात केली. ओलसर जागेत ठेवू नये. लहान मुलांच्या हाती देऊ नये. स्वतः उघडण्याचा प्रयत्न करू नये. आवाज संथ, जरा ओढलेला, प्रत्येक शब्दावर पाय टेकून मग पुढचा. आणि ती कुठे म्हणजे कुठे अडली नाही. खोकं संपलं तरी ती थांबेना, उलटं फिरवून मागचं वाचू लागली.

खटपट्या पडद्यावरच्या उड्या मारणाऱ्या पट्ट्यांकडे बघत होता. त्याच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते उंबऱ्यावर उभ्या असलेल्या आईच्या. ती हळूच म्हणाली, "पुन्हा वाच गं."

जे घडत होतं त्याचं कारण या खोलीतल्या कुणालाच दिसत नव्हतं, म्हणून इथेच सांगून टाकलेलं बरं. काही अडखळणाऱ्या माणसांचं असं असतं की स्वतःचा आवाज कानात उशिरा पडला की त्यांची जीभ सुटते. का ते शहाण्या लोकांनाही नीट ठाऊक नाही. धाकटीला जे बोलतं करत होतं ते त्या यंत्रातलं वैगुण्य होतं. आणि ते वैगुण्य अशा माणसाच्या घरात होतं ज्याला कुठलंच वैगुण्य सहन व्हायचं नाही.

घरात मात्र ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. आईला वाटलं, खोलीचा गुण. खटपट्याला वाटलं, माइकमुळे धीर आला. धाकटीला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही, पण कारखान्यातून आली की हातपाय धुवून ती थेट मागच्या खोलीत जाऊ लागली. आधी वर्तमानपत्र वाचलं, मग जुनी मासिकं, मग एक अख्खी कादंबरी. खटपट्याने ते ध्वनिमुद्रित करून गावातल्या अंधांच्या ग्रंथालयात पाठवलं, सहज, चांगल्या मनाने. तिथल्या बाई धावत आल्या. असा आवाज आमच्याकडे नाही म्हणाल्या, घाई नाही, दिखावा नाही, ऐकणाऱ्याला वाट काढत घेऊन जातो. अजून द्या.

त्या ग्रंथालयाची एक पद्धत होती. प्रत्येक वाचनाच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि मग वाचणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव सांगायचं. ते दुसऱ्या कुणी सांगून चालत नसे. ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही, निदान माणूस कळू दे, म्हणून. पहिल्यांदा ते सांगायचं आलं तेव्हा धाकटीने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि नाव घेतलं. सबंध नाव. मागून तेच नाव तिच्या कानात परत आलं आणि ती रडायला लागली. आई उंबऱ्यावर रडली. खटपट्याने डोळे पुसले आणि म्हणाला, रडण्याचा आवाज मुद्रणात आलाय, पुन्हा घ्यावं लागेल.

हळूहळू ती बाहेरही बोलून बघू लागली. दुकानात 'अस्तर द्या' म्हणाली. अडली, पण बोलली. मागच्या खोलीतली ती संथ चाल ती पायात घालून बाहेर पडायची आणि जमेल तेवढं चालायची. लहानपणापासून ज्या मुलीने कधी मान वर करून रस्ता ओलांडला नव्हता, ती आता शेजारणीला स्वतः होऊन हाक मारू लागली. आपल्याला बोलता येतं, एवढा एकच विश्वास तिला मिळाला होता आणि त्यावर ती एकेक वीट चढवत होती. तो विश्वास गेला असता तर तिच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

मग बाईंचा निरोप आला. ग्रंथालयाला कायमचा वाचक नेमायचा होता, वाचन इथूनच, याच खोलीतून करायचं. प्रमुख सरांना धाकटीचा आवाज पसंत होता. सर स्वतः जन्मांध. त्यांचं एकच म्हणणं होतं, मुद्रण कापता येतं, जोडता येतं, तेव्हा वाचणारी समोर बसून वाचते आहे असं मला एकदा ऐकायचं आहे. ते येणार म्हणून ठरलं. धाकटीने त्या भरात कारखान्याच्या मालकिणीला सांगून टाकलं की मी नोकरी सोडते आहे. हे तिने चिठ्ठी लिहून सांगितलं नाही, तोंडाने सांगितलं, आणि घरी येऊन ते आईला दोनदा सांगितलं.

इकडे खटपट्याच्या हातांना खाज सुटली होती. ती काही आजची नव्हती. पहिल्या दिवसापासून तो त्या उशिराच्या मागे लागला होता. इंटरनेटवरच्या फोरमवर जगभरच्या अनोळखी माणसांचे सल्ले वाचायचा आणि एकेक करून बघायचा. आवाज प्रोग्राममधून दुभाष्याकडे, दुभाष्याकडून लिनक्सच्या आवाजखात्याकडे आणि तिथून साउंड कार्डाकडे असा चार दारं फिरून येत होता. मधली दारं काढून थेट वाट करून देणारा एक छोटा पूल मिळतो असं त्याला कळलं. तो बसवला, तर तडतड परत आली. त्याने मुकाट्याने जुनी मोठी बादली पुन्हा लावली, आणि त्या संध्याकाळी धाकटीने एक अख्खं प्रकरण न अडखळता वाचलं. पुन्हा केव्हातरी त्याने यंत्राला परवानगी दिली की इतर कामं बाजूला ठेव, आवाजाला पहिला मान दे. तरी तडतड. पुन्हा जुनी बादली. प्रत्येक वेळी तो हरायचा आणि ती बोलायची, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात येत नव्हतं. येणार कुठून? तिचे हेडफोन त्याने स्वतःच्या कानाला कधी लावलेच नव्हते. तो की-बोर्ड वाजवून बघायचा.

आईच्या मनात पाल चुकचुकत होती. तिला तंत्रातलं काही कळत नव्हतं, पण तिला तो रेडिओ आठवत होता. एकदा तो केबलींच्या जंजाळात वाकलेला असताना ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "चालतंय ना रे? मग राहू दे की."

त्याने मान वर न करता सांगितलं की हे चालणं खरं नव्हे, सर येणार आहेत, जन्मभर कानाने जगलेला माणूस, आपल्याकडचा आवाज असा उशिरा आला तर लाज जाईल. आई आत गेली. तिनेही फार ताणलं नाही. पुढे तिला याचंच जास्त लागलं.

सर यायच्या आदल्या दुपारी धाकटी कारखान्यात निरोप घ्यायला गेली होती. खटपट्याला त्याच दुपारी सापडलं. साउंड कार्ड एका वेगाने चालत होतं आणि प्रोग्राम दुसऱ्या वेगाने, त्यामुळे प्रत्येक सूर वाटेत बदलून घ्यावा लागत होता. आणि वरून वीज वाचवण्यासाठी यंत्र मधूनमधून डुलक्या काढत होतं. त्याने दोघांचा वेग एक केला. डुलक्या बंद केल्या. मग बादली लहान केली, आणखी लहान केली, पेल्याएवढी केली, आणि पट्टी दाबली. सूर बोटाखालून निघाला. तडतड नाही, उशीर नाही. त्याने दुसरी पट्टी दाबली, मग दोन्ही हातांनी वाजवायलाच बसला. ऑर्केस्ट्रात वाजवायचा तसं, खांदे हलवत, एकटाच, त्या बुजवलेल्या खिडकीच्या खोलीत. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

धाकटी आली तेव्हा त्याने तिला खोलीत येऊ दिलं नाही. आज घशाला आराम दे म्हणाला, उद्या तुला गंमत दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून. काठी गुडघ्यांत धरून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, खोली छान आहे, इथे भिंती गप्प आहेत. धाकटी स्टुलावर बसली. नवी साडी नेसली होती. तिने हेडफोन घातले, पुस्तक उघडलं, दादाकडे बघून हसली. त्याने हात उंचावून खूण केली.

पुस्तकाचं नाव तिने घेतलं. घेतलं म्हणजे काय, पहिलं अक्षर निघालं आणि ती थबकली. तिने मान वळवून मागे बघितलं, जणू तिथे कुणी असायला हवं होतं. पुन्हा सुरुवात केली. लेखकाच्या नावात दोनदा अडकली. आता ती हेडफोन दाबून धरत होती, कानातून काहीतरी हरवलंय तसं चाचपत होती. मग सरांनी विचारलं, आणि वाचणारं कोण? स्वतःच्या नावाची पाळी आली आणि ओठ मिटले.

मिटले ते मिटलेच. मान ताणली गेली, डोळे बंद झाले, गळ्याची शीर टरारून वर आली. खोलीत एवढी शांतता की बाईंच्या बांगडीचा आवाज झाला तर त्यांनी ती धरून ठेवली. सर मात्र चेहरा तिच्याकडे करून स्वस्थ बसले होते. त्यांना काही दिसत नव्हतं आणि त्यांना काही घाईही नव्हती. ते किती वेळ थांबले असते कुणास ठाऊक, कदाचित ती निघालीही असती त्यातून. पण खटपट्याला हे बघवेना. त्याची जन्माची खोड उसळून आली, आणि त्याने टेबलामागून तिचं नाव मोठ्याने घेऊन टाकलं.

सरांनी चेहरा त्याच्याकडे वळवला. "मी त्यांना विचारलं होतं," ते म्हणाले.

धाकटीने हेडफोन काढले, पुस्तकावर ठेवले आणि ती उठून गेली. बाई तिच्या मागे निघाल्या होत्या, पण आईने उंबऱ्यावर त्यांना हाताने थांबवलं. मग आईने खटपट्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती, नुसती थकलेली होती. तिने विचारलं, तो आवाज मागून यायचा ना रे, तो आता येत नाही का? आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात बत्ती पेटली. इतके दिवस डोळ्यासमोर असलेलं सगळं एकदम दिसलं.

त्याने लगेच सगळं होतं तसं केलं, ते काही अवघड नव्हतं. बादली मोठी केली की झालं. दुपारी तो धाकटीच्या दाराशी गेला आणि गयावया करून तिला घेऊन आला. तिने हेडफोन घातले. वाचलं. झुळुझुळु वाचलं. त्याला वाटलं सुटलो, आणि घाईघाईने, आनंदाने, तिला सगळं समजावून सांगितलं, बफर, उशीर, पूल, सगळं. बोलत असताना तिचा चेहरा उतरतो आहे हे त्याला उशिरा दिसलं.

तिने खुणेने सांगितलं, लहान कर. त्याने केलं. ती अडली. मोठं कर. ती बोलली. लहान कर. अडली. नळाची तोटी उघडून मिटून बघावी तशी ती स्वतःची जीभ बघत होती. ती सांगेल तसं खटपट्या करत गेला. शेवटी तिने हेडफोन उतरवले आणि त्यांच्याशिवाय, त्याच्याकडे बघत, एकेका अक्षराशी झगडत म्हणाली, "म्हणजे बोलत होती ती मी न-न-नव्हतेच."

तो नाही नाही म्हणू लागला, पण ती गेली होती.

ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला. सर म्हणतात यंत्र असो काहीही असो, आवाज तुमचाच आहे, जागा धरून ठेवतो. आईने निरोप दिला तर धाकटीने नुसती मान हलवली. ती कारखान्यात परत गेली. मालकिणीने घेतलं, काही विचारलं नाही. घरी ती पूर्वी निदान 'हं' म्हणायची, आता तेवढंही नाही. जेवताना काही हवं असलं तर उठून स्वतः घ्यायची. पूर्वी ती गप्प होती कारण तिला दुसरं काही माहीत नव्हतं. आता तिला माहीत होतं, आणि तो गप्पपणा फार वेगळा होता. आईला घरात भीती वाटू लागली, कसली ते तिला सांगता येत नव्हतं. धाकटी नजरेआड झाली की ती कामं टाकून तिला शोधत फिरायची.

आणि खटपट्याने हात आखडले. स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. आईने दोनदा सांगितलं, तो म्हणाला, गळू दे. दाराची कडी निखळली, ती तशीच दोरीने बांधली. स्टुडिओचं काम घेऊन माणसं आली तर त्यांना तो परत पाठवायचा. संगणक मात्र चालूच ठेवायचा, मोठ्या बादलीवर, माइक उघडा, हेडफोन स्टुलावर. धाकटी कारखान्यातून यायच्या वेळेला तो खोलीचं दार उघडून ठेवायचा. ती समोरून जायची. थांबायची नाही.

असाच एकदा बसल्या बसल्या तिचं वाचन ऐकावं म्हणून त्याने स्टुलावरचे हेडफोन उचलले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या कानाला लावले. ऐकायचं राहिलंच. माइक समोर होता, आणि त्याच्या मनात जे साचलं होतं ते तोंडावाटे आलं. चुकलं माझं, असं त्याला म्हणायचं होतं. 'चुकलं'मधला 'चु' त्याने म्हटला आणि तो मागून कानात आदळला. त्या धक्क्याने 'क' दोनदा निघाला. जीभ जड झाली, शब्द एकमेकांच्या पायात आले, दारू प्यायल्यासारखा आवाज होऊ लागला. ज्याची जीभ धड चालते त्याची तो उशीर अशी गत करतो, हे त्याला फोरमवरच्या कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यात कधी शब्दाला न अडलेला माणूस, त्याला घाम फुटला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. निदान तिचं नाव तरी, तेवढं तरी नीट घेऊ, म्हणून ओठ मिटले. पप, पप, पप, एवढंच निघत राहिलं.

नजर वर गेली तर दारात धाकटी उभी होती. कारखान्यातून आली होती, खांद्याला पिशवी तशीच. तिने सगळं ऐकलं होतं. त्याने हेडफोन काढायला हात नेला, पण तिने नुसत्या मानेने नको म्हटलं.

मग त्याने पुन्हा 'प' धरला. तो निघेना. मान ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं. ते नाव तिनेच घेऊन टाकावं, आपली सुटका करावी, असं त्याला वाटत होतं, आणि तिला ते दिसत होतं. तिने पिशवी खाली ठेवली, चौकटीला टेकली आणि त्याचा शब्द निघण्याची वाट बघत उभी राहिली.